सिलेक्ट-जॉइन येतं, आता डीबीए व्हायचंय: नेमकं काय शिकू?

डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, कसं व्हायचं हा तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत असा. पुण्यात अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये चार वर्षं झाली. एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतल्या जॉइन, ग्रुप बाय, सबक्वेरी यांत आता काही अडत नाही. पण 'ही क्वेरी का रखडतेय?' असं कुणी विचारलं की 'इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची) टाकून बघू' यापलीकडे उत्तर सुचत नाही. एका क्लासने तीन महिन्यांचा 'अ‍ॅडव्हान्स्ड डीबीए' कोर्स सुचवलाय आणि त्याची फी तुमच्या महिन्याच्या पगाराहून जास्त आहे. ओरॅकल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसांपैकी कुठला धरावा, सर्टिफिकेशनचा फायदा होतो का, आणि क्लाउड आल्यावर डीबीएला काम उरलंय का, असे तीन उपप्रश्नही आहेत.

मी बरीच वर्षं याच कामात आहे. आधी ओरॅकल, हल्ली जास्त करून पोस्टग्रेस. अधूनमधून मुलाखतीही घेते. उमेदवारांना कमांड पाठ असतात. इंडेक्सचे प्रकार विचारले की न अडखळता पाच प्रकार सांगतात. मग मी विचारते, 'एक कोटी ओळींचं टेबल आहे, कॉलमवर इंडेक्स आहे, तरी डेटाबेसने तो वापरला नाही. का नसेल वापरला?' इथे बहुतेक जण थांबतात. तुमची अडचणही हीच दिसते. तुम्हाला भाषा येते, पण डेटाबेस पुढच्या क्षणी काय करणार याचा अंदाज आधी बांधता येत नाही. माझ्या लेखी 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणजे हा अंदाज. क्वेरी लिहिणं असो की सर्व्हर सांभाळणं, सगळं त्याच्यावर उभं आहे, आणि तो वाचून येत नाही, चुकून-तपासून येतो.

परिस्थितीनुसार बदलणाऱ्या गोष्टी आधी बाजूला काढते. तुमच्या कंपनीत प्रॉडक्शनचा (ग्राहक वापरतात त्या चालू सर्व्हरचा), निदान वाचण्यापुरता, अ‍ॅक्सेस मिळतो का, टीममध्ये शिकवणारं कुणी आहे का, रात्रीच्या शिफ्ट जमतात का, यावर वेळ बराच कमी-जास्त होतो. बँक, विमा, जुने कारखाने अशा ठिकाणी जायचं असेल तर वाट वेगळी, नव्या प्रॉडक्ट कंपनीत जायचं असेल तर वेगळी. रोज तासभर देणाऱ्या माणसाला वर्ष-दीड वर्षात जबाबदारी घेण्याइतकं येतं, असा माझा अनुभव आहे. तीन महिन्यांत येतं असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आता अंदाजाची सवय कशी लावायची ते सांगते. घरच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाका. फुकट आहे आणि आतलं सगळं दाखवतं. त्यातल्या जनरेट-सीरीज फंक्शनने एका काल्पनिक पतसंस्थेचं व्यवहारांचं टेबल तयार करा: खाते क्रमांक, शाखा, पिनकोड, जिल्हा, वेळ, रक्कम. एक कोटी ओळी भरा, कारण दहा हजार ओळींवर सगळंच पटकन होतं आणि काहीच शिकायला मिळत नाही. एक काळजी घ्या. नुसतं रँडम फंक्शन वापरलंत तर सगळ्या शाखांना सारखे व्यवहार येतील, आणि खऱ्या जगात तसं कधीच नसतं. रँडमचा घन घेऊन त्यातून शाखा काढा, म्हणजे काही शाखा गजबजलेल्या आणि काही ओस पडलेल्या निघतील. ट्यूनिंगचे निम्मे प्रश्न या असमानतेतूनच उगवतात. आणि ऑफिसचा खरा डेटा सरावासाठी घरी आणू नका. नोकरी तर जाईलच, शिवाय २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदाही आहे.

मग एक वही घ्या. क्वेरी चालवायच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या: किती ओळी निघतील, कुठला इंडेक्स वापरला जाईल किंवा जाणार नाही, आणि जॉइन कुठल्या पद्धतीने होईल. मग एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ चालवायचं, बफर्सचा पर्याय लावून. डेटाबेसने क्वेरी कुठल्या टप्प्यांनी चालवली तो प्लॅन, आणि किती पेज वाचली, ते त्यात दिसतं. तुमचा अंदाज आणि प्लॅन जुळले नाहीत तर कारण सापडेपर्यंत पुढच्या क्वेरीला हात लावायचा नाही. सुरुवातीला एका क्वेरीवर अख्खी संध्याकाळ जाईल. जाऊ द्या.

मुलाखतीतला तो प्रश्न याच पद्धतीने सोडवून दाखवते. पोस्टग्रेस डेटा ८ केबीच्या पेजमध्ये ठेवतं. एक ओळ साधारण १०० बाइटची धरली तर एका पेजमध्ये ८० च्या आसपास ओळी बसतात, म्हणजे एक कोटी ओळींची सव्वा लाख पेज. आता समजा एका शाखेचे व्यवहार एकूण ओळींच्या दोन टक्के आहेत आणि ते टेबलभर विखुरलेत. एका पेजमध्ये त्या शाखेची एकही ओळ नसण्याची शक्यता म्हणजे ०.९८ चा ८० वा घात, जवळपास २० टक्के. म्हणजे दोनच टक्के ओळी हव्या असल्या तरी ८० टक्के पेज वाचावीच लागणार. मग इंडेक्समधून ओळीगणिक उड्या मारण्यापेक्षा टेबल सरळ वाचून काढणं स्वस्त पडतं. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये सलग पेजची किंमत १ आणि उडी मारून वाचलेल्या पेजची ४ धरलेली असते. हे ४ फिरत्या डिस्कच्या काळातलं आहे, एसएसडीवर ते १.१ च्या आसपास आणतात. मधल्या स्थितीत बिटमॅप स्कॅन येतो, म्हणजे आधी पेजची यादी करायची आणि मग ती क्रमाने वाचायची. उलट तारखेच्या इंडेक्सवर पाच टक्के ओळी मागितल्या तरी इंडेक्स खुशाल वापरला जातो, कारण व्यवहार आले त्याच क्रमाने साठवलेले असतात आणि हव्या त्या ओळी शेजारी-शेजारी सापडतात. म्हणजे 'किती टक्के ओळी' एवढंच पुरत नाही, 'कुठे पसरल्यात' हेही लागतं. ही आकडेमोड एकदा स्वतःच्या हाताने केलीत की 'इंडेक्स टाकून बघू' हे वाक्य तुमच्या तोंडून आपोआप कमी होईल.

यापुढची पायरी म्हणजे प्लॅनरचा (डेटाबेसमधला प्लॅन ठरवणारा भाग) अंदाज कधी फसतो ते ओळखणं. प्लॅनमध्ये प्रत्येक टप्प्यावर अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी असे दोन आकडे दिसतात. लोक थेट वेळ बघतात. मी आधी हे दोन आकडे बघते, आणि ज्या टप्प्यावर त्यांच्यात पहिल्यांदा मोठी तफावत दिसते तिथे थांबते. वेळ जातोय तो टप्पा बऱ्याचदा त्याच्या पुष्कळ पुढे असतो.

उदाहरण घ्या. क्वेरीत तीन अटी आहेत: पिनकोड ४११०३८, शहर पुणे, जिल्हा पुणे. तो कोथरूडचा पिनकोड आहे. तो जुळला की शहर आणि जिल्हा जुळणारच, हे आपल्याला माहीत आहे. प्लॅनरला माहीत नाही. तो तिन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र धरतो आणि शक्यतांचा गुणाकार करतो. टेबलमध्ये पिनकोडच्या १ टक्का, शहराच्या १५ टक्के आणि जिल्ह्याच्या २० टक्के ओळी असतील तर त्याच्या हिशोबाने एक कोटीतल्या ३,००० ओळी निघतात. प्रत्यक्षात निघतात एक लाख. तीन हजारच आहेत म्हणून तो पुढच्या टेबलशी नेस्टेड लूप लावतो, म्हणजे एकेक ओळ घेऊन दुसरीकडे शोधत बसायचं. ओळी लाख निघाल्या की ते लूप लाख वेळा फिरतं. हॅश जॉइनने, म्हणजे एका टेबलची शोधयादी एकदाच मेमरीत बनवून, पटकन संपलं असतं. अशा वेळी आणखी इंडेक्स टाकून फार काही साधत नाही. या कॉलमचा एकमेकांशी संबंध आहे हे प्लॅनरला सांगावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून क्रिएट स्टॅटिस्टिक्स त्यासाठीच आहे. ओरॅकलमध्ये कॉलम ग्रुप स्टॅटिस्टिक्स आहेत. जाता जाता हेही बघा की मूळ सेटिंगवर स्टॅटिस्टिक्स (टेबलमधल्या डेटाची आकडेवारी) गोळा करणारं अ‍ॅनालाइझ फक्त ३०,००० ओळींचा नमुना घेतं, टेबल कितीही मोठं असो. क्वचित येणाऱ्या किमतींबद्दल प्लॅनर का गोंधळतो याचं उत्तर बऱ्याचदा तिथे सापडतं.

क्वेरी प्रोग्रामिंगकडे वळते. तिथेही नवी वाक्यरचना शिकण्यापेक्षा येते तिचा नेमका अर्थ कळणं जास्त कठीण आहे. विंडो फंक्शन, म्हणजे प्रत्येक ओळ तशीच ठेवून आजूबाजूच्या ओळींवर हिशोब करणारं फंक्शन, घ्या. पासबुकसारखी चालू शिल्लक काढायची म्हणून सगळे सम ओव्हर लिहितात, खात्याप्रमाणे पार्टिशन, तारखेप्रमाणे ऑर्डर. समजा आधीची शिल्लक २,००० आहे आणि एकाच तारखेला तीन व्यवहार झाले: जमा १,०००, जमा ५००, नावे ३००. अपेक्षा ३,०००, ३,५०० आणि ३,२०० अशी. प्रत्यक्षात तिन्ही ओळींवर ३,२०० येतं. कारण असं की ऑर्डर बाय दिलं आणि फ्रेम (बेरजेत कुठल्या ओळी घ्यायच्या ते) सांगितली नाही तर एसक्यूएल 'रेंज' धरतं, आणि त्यात समान तारखेच्या सगळ्या ओळी एकदमच मोजल्या जातात. 'रोज' (इंग्रजी ROWS, म्हणजे ओळी) ही फ्रेम लिहिली तर बेरीज ओळीगणिक होते, पण समान तारखेतला क्रम ठरलेला नसल्याने आज एक उत्तर आणि उद्या दुसरं येऊ शकतं. म्हणून ऑर्डरमध्ये तारखेनंतर व्यवहार क्रमांक हवाच. ही चूक टेस्टिंगमध्ये सापडत नाही, कारण टेस्ट डेटात दिवसाला एकच व्यवहार असतो. हल्ली एआय साधनं क्षणात क्वेरी लिहून देतात आणि असली क्वेरी बेधडक लिहून देतात. ती पाहून 'फ्रेम कुठे आहे?' हा प्रश्न सुचणं, हे तुमचं काम.

नॉट इन आणि नल (माहीत नसलेली, रिकामी किंमत) ही अशीच जोडी. आतल्या यादीत एक जरी नल आलं तर बाहेर एकही ओळ येत नाही, एररही येत नाही. नॉट एक्झिस्ट्स लिहायची सवय लावा.

वेळेचं प्रकरण आपल्याकडे विशेष जपायला लागतं. सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, आपण साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला मध्यरात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत झालेले व्यवहार यूटीसीत ३१ मार्चचेच असतात. रिपोर्टमध्ये टाइमझोन न सांभाळता तारीख कापली तर ते गेल्या आर्थिक वर्षात जाऊन बसतात, आणि ऑडिटच्या वेळी ताळमेळ का लागत नाही हे शोधत चार माणसं बसतात. त्यातच कुणी कॉलमला डेट फंक्शन लावून तुलना केली असेल तर वेळेच्या कॉलमवरचा साधा इंडेक्सही बाद होतो. फंक्शन काढा, 'या क्षणापासून, त्या क्षणाच्या आधीपर्यंत' अशी अट लिहा. उत्तर बरोबर येतं आणि क्वेरीही झपाट्याने होते.

पीएल-एसक्यूएल किंवा पीएल-पीजीएसक्यूएल (ओरॅकल आणि पोस्टग्रेसच्या आत प्रोग्राम लिहायच्या भाषा) शिकाच, पण उशिरा. आधी शिकलं की माणूस सगळीकडे कर्सर उघडून ओळीगणिक लूप लावतो. जे एका अपडेटने होतं ते तसंच करायचं. लूप लागणारच असेल तर ओरॅकलमध्ये बल्क कलेक्ट आणि फॉरऑल (ओळी गठ्ठ्याने हाताळायच्या सोयी) शिकून घ्या, बाकी फार खोलात जाण्याची घाई नको.

आता प्रशासनाची बाजू. यातली सगळ्यात मोलाची कवायत फुकट आहे आणि तिला तीन टर्मिनल खिडक्या लागतात. पहिलीत बिगिन म्हणून, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडून, व्यवहारांच्या टेबलवर एक साधी सिलेक्ट चालवा आणि कमिट न करता तशीच सोडा. दुसरीत त्याच टेबलमध्ये ऑल्टर टेबलने एक कॉलम वाढवायला सांगा. ती थांबून राहील, हे तुम्हाला अपेक्षित असेल. आता तिसरीत नुसती सिलेक्ट चालवा. तीही थांबते. सिलेक्टला सिलेक्टची अडचण नसते, मग का? तर ऑल्टरला अख्ख्या टेबलचं एकट्याचं लॉक हवंय, ती रांगेत उभी आहे आणि नंतर आलेले सगळे तिच्या मागे. म्हणजे मिलिसेकंदांत होणाऱ्या बदलाने चालू साइट ठप्प होते, आणि मूळ कारण असतं कुणीतरी उघडं टाकून जेवायला गेलेलं ट्रान्झॅक्शन. पीजी-ब्लॉकिंग-पिड्स फंक्शनने कोण कुणाला अडवतंय ते बघा. मग ऑल्टरच्या आधी लॉक-टाइमआउट दोन-तीन सेकंदांचा लावून तीच कवायत पुन्हा करा. जमलं नाही तर ऑल्टर स्वतःच बाजूला होते, रांग मोकळी होते, थोड्या वेळाने परत प्रयत्न करायचा. माझ्या टीममध्ये हे केल्याशिवाय कुणाला प्रॉडक्शनवर स्कीमा (टेबलांची रचना) बदलायला देत नाही.

उघडं ट्रान्झॅक्शन आणखी एक नुकसान करू शकतं. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी ओळ पुसून नवी लिहिणं नव्हे. जुनी आवृत्ती टेबलमध्येच राहते, कुणाला तरी ती अजून दिसायला हवी असेल म्हणून. नंतर व्हॅक्यूम येऊन ती जागा मोकळी करतं. पण ज्यात काही बदल केलाय असं एक ट्रान्झॅक्शन सकाळपासून उघडं असेल तर त्यानंतर जुन्या झालेल्या कुठल्याच ओळी व्हॅक्यूमला काढता येत नाहीत, आणि टेबल फुगत जातं. शिवाय ऑटोव्हॅक्यूमची (आपोआप चालणाऱ्या व्हॅक्यूमची) मूळ मर्यादा २० टक्के आणि वर ५० ओळी अशी आहे, म्हणजे एक कोटींच्या टेबलमध्ये २० लाख ओळी मृत होईपर्यंत ते जागचं हलत नाही. मोठ्या टेबलांसाठी ही टक्केवारी टेबलनिहाय खाली आणावी लागते. ओरॅकलने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. जुन्या आवृत्त्या तिथे अनडू नावाच्या वेगळ्या जागेत जातात, टेबल फुगत नाही, पण क्वेरी फार लांबली आणि अनडू पुसलं गेलं तर ओआरए-०१५५५, स्नॅपशॉट टू ओल्ड. दुखणं एकच आहे, एकीकडे डिस्कवर दिसतं, दुसरीकडे एररमध्ये. हे एका डेटाबेसमध्ये मुळापासून समजलं की दुसऱ्यात फक्त 'इथे हे कुठे ठेवतात?' एवढंच विचारायचं उरतं.

बॅकअपबद्दल सगळे बोलतात, रिस्टोअरबद्दल कमी. ३१ जानेवारी २०१७ चं गिटलॅबचं (प्रोग्रामरांचा कोड साठवणारी सेवा) प्रकरण वाचून काढा, त्यांनी स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केलंय. रेप्लिकेशन (मुख्य सर्व्हरची चालू प्रत दुय्यम सर्व्हरवर ठेवणं) बिघडलं होतं म्हणून इंजिनीअरने दुय्यम सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली, पण कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप) कित्येक दिवस तयारच होत नव्हता. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२ चा. अपयशाची सूचना ईमेलने येणार होती, पण त्या ईमेल मेल सर्व्हरनेच नाकारल्या होत्या. शेवटी सहा तास आधी स्टेजिंगसाठी (चाचणीच्या सर्व्हरसाठी) योगायोगाने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर सगळं उभं केलं, आणि मधल्या सहा तासांचा डेटा गेला. त्या इंजिनीअरला हसण्यात अर्थ नाही. पाच वेगवेगळ्या सोयी कागदावर होत्या आणि त्यातली एकही कुणी परत उभी करून पाहिली नव्हती, हे बघायचं.

म्हणून तुमच्या लॅपटॉपवर हे करा. पीजी-बेसबॅकअप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) घ्या, वॉल फाइल्स (WAL, प्रत्येक बदलाची नोंदवही) वेगळ्या जागी साठत राहतील असं लावा, तासभर व्यवहार घालत राहा, मग घड्याळ बघून टेबल ड्रॉप करा. आता ड्रॉपच्या एक मिनिट आधीच्या क्षणापर्यंत डेटाबेस परत आणा. पहिल्यांदा जमणार नाही, कुठलीतरी वॉल फाइल गहाळ असेल किंवा वेळ चुकीच्या टाइमझोनमध्ये दिलेली असेल. जमेपर्यंत करा, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. 'आपला डेटाबेस परत यायला किती वेळ लागेल आणि किती मिनिटांचा डेटा जाईल?' हे मॅनेजर विचारतो तेव्हा त्याला आकडा हवा असतो, आणि तो असाच मिळतो.

एक विषय क्लासच्या अभ्यासक्रमात सहसा नसतो, पण मराठी नावं साठवणाऱ्याला हमखास भेटतो. 'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये ०९३१ क्रमांकाचं एकच अक्षर असू शकतो, किंवा साधा र आणि त्याला नुक्ता अशी दोन अक्षरं. काही कीबोर्ड हाच आकार र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून काढतात. पडद्यावर तिन्ही सारखे, पण डेटाबेसच्या साध्या तुलनेत तीन वेगळी माणसं. युनिक कन्स्ट्रेंट (एकच किंमत दोनदा येऊ न देणारी अट) असूनही एकच ग्राहक तीनदा नोंदला जातो. पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, त्याने पहिली दोन रूपं एक होतात. जोडचिन्हाचं मात्र वेगळं बघावं लागतं.

अक्षरांच्या क्रमाचं याहून गंभीर प्रकरण ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना होतं. पोस्टग्रेस बऱ्याच ठिकाणी वर्णक्रम लिनक्सच्या जीलिबसी (glibc) या मूळ लायब्ररीकडून घेतं. २०१८ मध्ये आलेल्या तिच्या २.२८ आवृत्तीने हा क्रम बदलला. सेंटओएस ७ या लिनक्सच्या आवृत्तीचा आधार जून २०२४ मध्ये संपल्यावर अनेकांनी सर्व्हर बदलले. ज्यांनी जुन्या डेटा फाइल्स जशाच्या तशा नव्या सर्व्हरवर नेल्या आणि टेक्स्ट कॉलमचे इंडेक्स पुन्हा बांधले नाहीत, त्यांच्याकडे ओळ टेबलमध्ये आहे पण इंडेक्समधून शोधली की सापडत नाही, असले चमत्कार सुरू झाले. सीनिअर डीबीएला जास्त पगार का देतात याचं उत्तर अशा ठिकाणी असतं.

उपप्रश्नांची उत्तरं मी थोडक्यात उरकते. ओरॅकल की पोस्टग्रेस? शिकायला पोस्टग्रेस, कारण वर सांगितलेलं सगळं त्यात मोकळेपणाने करता येतं. तुमच्या सध्याच्या कंपनीत ओरॅकल असेल तर मात्र तेच धरा. रोज समोर खरी अडचण येणं याला कुठलाच कोर्स पर्याय नाही. ओरॅकलची फ्री आवृत्तीही आहे, १२ जीबी डेटा आणि २ जीबी मेमरीच्या मर्यादेत, सरावाला पुरते. फक्त ऑफिसच्या ओरॅकलवर एडब्ल्यूआर (डेटाबेसच्या कामगिरीचा) रिपोर्ट काढण्याआधी डायग्नोस्टिक्स पॅकचं लायसन्स घेतलंय का ते विचारा. ते वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि नसलं तरी रिपोर्ट निमूट निघतो. वापराची नोंद राहते आणि ती पुढे लायसन्स ऑडिटमध्ये वर येते. लायसन्स नसेल तर तशाच कामाचं स्टॅट्सपॅक वापरा.

सर्टिफिकेशन? मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत बायोडेटा चाळणीतून पुढे जायला ओसीपी या ओरॅकलच्या सर्टिफिकेटचा उपयोग होतो. क्लायंटला दाखवायला त्यांना ते लागतं. प्रॉडक्ट कंपन्यांत फारसं कुणी विचारत नाही. मी स्वतः मुलाखतीत त्याकडे बघत नाही, 'शेवटचं रिस्टोअर कधी केलंत आणि कुठे अडलं?' हे विचारते.

क्लाउडने काय नेलं? इन्स्टॉल करणं, पॅच लावणं, रोजचा बॅकअप घेणं, हे बरंचसं गेलं, आणि ज्यांचं काम तेवढंच होतं त्यांची पंचाईत झाली हे खरं. पण आरडीएससारख्या (अमेझॉनची क्लाउड डेटाबेस सेवा) सेवेत वाईट प्लॅन वाईटच राहतो, उघडं ट्रान्झॅक्शन तसंच टेबल फुगवतं, आणि पूर्वी जे 'सर्व्हर स्लो आहे' म्हणून खपायचं ते आता महिन्याच्या बिलावर दिसतं. स्वयंचलित बॅकअपही जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. त्याहून जुना डेटा कायद्याने किंवा कराराने ठेवायचा असेल तर ती सोय तुम्हालाच करावी लागते. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिमचा अ‍ॅक्सेस नसल्याने आतलं काय चाललंय ते डेटाबेसच्या स्वतःच्या व्ह्यूमधूनच वाचावं लागतं. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स (कुठल्या क्वेरीने किती वेळ घेतला ते दाखवणारा व्ह्यू) आधीच ओळखीचं असेल तर तिथे हात अडत नाही.

सपोर्टमध्ये आहात याचा एक फायदा तुम्ही मोजलेला दिसत नाही. रखडलेल्या क्वेरीची तक्रार सगळ्यात आधी तुमच्याकडे येते. पुढची तक्रार डीबीए टीमकडे पाठवताना सोबत प्लॅन जोडा आणि 'इथे अंदाज तीन हजारांचा, प्रत्यक्षात लाख ओळी, स्टॅटिस्टिक्समुळे असेल असं वाटतं' एवढी एक ओळ लिहा. चुकलात तरी ते तुम्हाला का चुकलात ते सांगतील, आणि असं चार-पाचदा झालं की पुढची जागा रिकामी झाल्यावर तुमचं नाव त्यांना आठवेल. टीममध्ये आतून सरकलेल्या लोकांची संख्या माझ्या ओळखीत तरी बाहेरून अर्ज केलेल्यांपेक्षा जास्त आहे.

राहिला क्लास. डेमो लेक्चरला जा आणि दोनच गोष्टी विचारा. मला स्वतःला, माझ्या मशीनवर, मोडलेला डेटाबेस ठरावीक क्षणापर्यंत परत आणायला लावणार का? आणि प्लॅन वाचायला किमान कोटीभर ओळींचा, असमान डेटा देणार का? दोन्हीला 'हो' असेल आणि आठवड्यातून दोन दिवस तरी शिकवणारा माणूस प्रश्नांना सापडत असेल तर फी द्यायला हरकत नाही. शिस्त लागते, सोबत मिळते. स्लाइड आणि इन्स्टॉलेशनचे स्क्रीनशॉट दाखवायला लागले तर चहा पिऊन परत या, आणि त्यातल्या थोड्या पैशांत लॅपटॉपची रॅम १६ जीबी करून एक एसएसडी टाका.